ताप नसलेली मुले

मराठी घरात मूल कुरकुरू लागले की ओले हात पदराला पुसून आई उलट्या पंजाने आधी त्याचे कपाळ पाहते, मग मान, मग पोट. "ताप नाही," असे ती म्हणाली की घर निर्धास्त होते. आजार मोजण्याचे हे आपले सर्वांत जुने माप असावे, आणि भाषेने त्याच्या भोवती शब्दांचा केवढा पसारा मांडला आहे! अंगात कणकण असते, कसकस असते. ताप बारीक असतो, मुरलेला असतो, हाडी लागलेला असतो. मूल तापाने फणफणते, त्याच्या अंगाची लाही होते. हिवताप, नवज्वर, विषमज्वर ही नावे तर आजीबाईंनाही पाठ. त्रास म्हणजेसुद्धा आपल्याकडे 'ताप' - 'डोक्याला ताप' हा प्रयोग आमचे विद्यार्थी परीक्षेविषयी नेहमी करतात, आणि कदाचित आमच्याविषयीही करीत असतील.

पारा वर चढताना मराठीपाशी इतके शब्द आहेत. तो खाली उतरू लागला की मात्र भाषेला काही सुचेनासे होते. 'कुडकुडणे', 'काकडणे', 'हुडहुडी भरणे' हे शब्द आहेत, परंतु ते हवामानाचे आहेत, आणि ते अशा देहाचे आहेत जो थंडीशी झगडतो आहे. 'गारठणे' पुन्हा पौषातल्या पहाटेचे. जो देह आतूनच थंडावत चालला आहे, कुडकुडतही नाही, तक्रारही करीत नाही, त्याच्या त्या अवस्थेला रोजच्या मराठीत नाव सापडत नाही. 'गार पडणे' आहे. पण माणूस 'गार पडला' असे आपण केव्हा म्हणतो हे सांगायला नको.

याचे कारण थोडेफार भूगोलात असावे. उन्हाने होरपळणाऱ्या मुलखात शीतलता ही कृपा असते. सुख झाले की आपले डोळे निवतात, जीव निवतो, जिवाला गारवा लाभतो. संतांची करुणा चंद्रासारखी, चंदनासारखी असते. ज्ञानेश्वरीत चांदण्याची रूपके किती ठिकाणी येतात हे वर्गात शिकवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ताप त्रिविध आहेत आणि त्यांतून सुटका म्हणजे शांती. या सगळ्या वाङ्मयीन संस्कारात वाढलेल्या माणसाला थंड कपाळ हे अरिष्टाचे चिन्ह वाटणे अवघडच आहे.

हा विचार आमच्या मनात सुरू झाला तो ग्रंथालयात नव्हे. आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात गेलो होतो. शिबिरातील एका मुलीला उलट्या-जुलाबांनी बेजार केले, तेव्हा तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तिच्या सोबतीला दोन रात्री आम्ही तिथे राहिलो. स्त्रिया आणि मुले यांचा कक्ष एकच. भिंतीकडच्या चार खाटा तीव्र कुपोषित मुलांसाठी राखलेल्या. मेळघाट म्हटले की वृत्तपत्र वाचणाऱ्याला जे आठवते ते आम्हालाही आठवले होते; प्रत्यक्षात ती मुले इतकी नि:शब्द असतील अशी मात्र कल्पना नव्हती. बालकक्षात रडणे असते. इथे आमचीच विद्यार्थिनी काय ती कण्हत होती.

दुसऱ्या रात्री एक कोरकू स्त्री मुलाला घेऊन आली. मूल दीड-दोन वर्षांचे. वजनकाट्यावर साडेपाच किलो भरले. आईला थोडी हिंदी येत होती. तिने परिचारिकेला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की बुखार बिलकूल नाही. सांगताना तिच्या स्वरात थोडासा दिलासा होता. सिस्टरांनी तापमापक मुलाच्या काखेत धरला, दिव्यापाशी नेऊन पाहिला, झटकला, पुन्हा लावला. पारा तळाशी होता तिथेच होता. मग त्यांनी मुलाच्या पोटावर आणि तळपायांवर आपल्या हाताची मागची बाजू ठेवली, आणि आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मॅडम, याला ताप असता तर मी एवढी घाबरली नसती."

या वाक्याचा अर्थ आम्हाला त्या रात्री तुकड्यातुकड्यांनी आणि पुढे वाचनातून कळत गेला. तो इथे जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण साहित्याच्या माणसांना तो ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक.

उपाशी देह एकदम कोसळत नाही. तो आधी काटकसर करतो. मोठ्या वाड्यात दिवस फिरले की माणसे एकेक दालन बंद करीत शेवटी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत येऊन राहतात, तसे काहीसे होते. वाढ थांबते. हालचाल, खेळ, कुतूहल थांबते. पेशींच्या भिंतीवर मीठपाण्याचा तोल राखणारे जे पंप अहोरात्र चालतात त्यांचीही गती मंदावते. यकृत, मूत्रपिंडे, हृदय सगळेच कमी काम करू लागतात. जिथे काम कमी तिथे उष्णताही कमी. त्यात कातडीखालची चरबी संपलेली, म्हणजे अंगावरचे पांघरूणच गेलेले. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, म्हणून उष्णता बाहेर निसटण्याचे दारही मोठे. कुडकुडून ऊब निर्माण करायची तर स्नायू लागतात, आणि स्नायू तर आधीच खर्ची पडलेले असतात. रक्तातली साखर उतरली की उरलेसुरले इंधनही आटते. काखेतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली, किंवा गुदमार्गातले ३५.५च्या खाली गेले की वैद्यक त्याला धोक्याची अवस्था मानते. शरीराची नेहमीची पातळी ३७च्या आसपास. दोन अंशांचे अंतर. आम्ही पंखा एका बटणाने कमीजास्त करतो तेवढेदेखील ते हाताला भासत नाही.

आणि याहून अवघड गोष्ट अशी की ताप येणे हीसुद्धा देहाला परवडावी लागणारी गोष्ट आहे. जंतुसंसर्ग झाला की निरोगी मुलाचे शरीर तापते. तो लढाईचा खर्च असतो. तीव्र कुपोषित मुलापाशी तेवढी पुंजी नसते. त्याला न्यूमोनिया झालेला असतो, रक्तात जंतू पसरलेले असतात, आणि तरी अंग तापत नाही, उलट थंड पडते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते की रुग्णालयात दाखल झालेल्या अशा प्रत्येक मुलाला संसर्ग आहे असे धरूनच चालावे आणि ताप असो वा नसो, प्रतिजैविके सुरू करावीत. थंड मूल म्हणजे साखर उतरलेले आणि संसर्ग लपवणारे मूल, असे या तिन्ही गोष्टींचे नाते आहे. एक दिसली की उरलेल्या दोन आहेतच असे मानायचे. 'ताप नाही' हे ज्या आईने दिलासा म्हणून सांगितले, ते सिस्टरांनी कशा अर्थाने ऐकले असेल, हे आता ध्यानात यावे.

तापमापकाची गोष्ट तर आम्हाला फारच बोलकी वाटली. घरोघरी असतो तो पाऱ्याचा तापमापक सुरू होतो ९४ किंवा ९५ अंश फॅरनहाइटपासून आणि जातो १०८पर्यंत. ३५ अंश सेल्सिअस म्हणजे बरोबर ९५ फॅरनहाइट. म्हणजे जिथून या मुलांची कहाणी सुरू होते तिथे या उपकरणाची काच संपते. नळीत पारा तळाशी पडून राहतो आणि मूल ९४ला आहे की ९१ला हे तो सांगू शकत नाही. अधिक खालचे आकडे दाखवणारे तापमापक निराळे मिळतात. त्यांची शिफारस मार्गदर्शिकांत आवर्जून केलेली असते, कारण ते सगळीकडे असतातच असे नाही. ज्यांनी मूळ उपकरण घडवले त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. आजार म्हणजे ताप, या समजुतीतून ते घडले, आणि आमची भाषाही त्याच समजुतीतून घडली असावी. दोघांनाही ९५च्या खाली बोलता येत नाही.

उष्ण कटिबंधातल्या मुलांचे थंडावणे ही गोष्ट डॉक्टरांच्याही ध्यानात तशी उशिरा आली. जमैका हे कॅरिबियन समुद्रातले उबदार बेट. तिथे जॉन वॉटरलो यांनी १९५०च्या दशकात मुलांच्या कुपोषणाच्या अभ्यासासाठी संशोधन केंद्र उभारले. आज जगभर चालणाऱ्या उपचारपद्धतीचा बराचसा पाया तिथल्या कामात आहे. १९७२ साली ओ. जी. ब्रुक या डॉक्टरांनी जमैकातल्या कुपोषित मुलांच्या उतरलेल्या तापमानाविषयी लिहिले. बाहेर माणसे घाम पुसत असताना आत मुले गारठत होती. मेळघाटाला तर हिवाळाही आहे. गाविलगडच्या डोंगरांत जानेवारीची पहाट आम्ही अंगावर दोन शाली घेऊन काढली. पावसाळा त्याहून वाईट, असे सिस्टर म्हणाल्या; तेव्हा कणग्या रिकाम्या असतात, जुलाब-खोकला घरोघर असतो, आणि पोराचे अंगावरचे फडके दिवसभर ओले.

१९९६ साली क्लेअर स्कोफील्ड आणि अ‍ॅन अ‍ॅशवर्थ या दोन संशोधिकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: तीव्र कुपोषणातील मृत्युदर इतके चढे का राहिले? अनेक दशकांची माहिती चाळून त्यांनी दाखवले की रुग्णालयांत दाखल झालेल्या अशा मुलांपैकी साधारण २० ते ३० टक्के मुले दगावतात आणि हे प्रमाण १९५०पासून फारसे बदललेले नाही. सूज असलेल्या मुलांत तर ते काही ठिकाणी ५०-६० टक्क्यांवर जाते. कारणे काय, तर सदोष उपचार. मुलाला घाईने भरपूर प्रथिने देणे, सुरुवातीलाच लोह देणे, सूज उतरावी म्हणून लघवीची औषधे देणे, शिरेतून बेताल सलाइन चढवणे. आणि रात्री न जागणे. हे शेवटचे आम्ही आमच्या शब्दांत सांगतो आहोत. १९९९ साली संघटनेने याविषयी सविस्तर पुस्तिका काढली आणि पुढे उपचाराच्या दहा पायऱ्या जगभर रूढ झाल्या. त्यांतली पहिली रक्तशर्करेची, दुसरी शरीराच्या उबेची. भारत सरकारची पोषण पुनर्वसन केंद्रांसाठीची नियमावली २०११ची. तिच्यातही क्रम हाच. औषधांच्या आधी, लोहाच्या कितीतरी आधी, ऊब.

ही ऊब द्यायची कशी, याचे तपशील वाचताना आम्हाला एखाद्या जुन्या बाळंतिणीच्या खोलीचे वर्णन वाचल्यासारखे वाटले. मुलाचे डोके झाकावे, कारण उष्णता डोक्यावाटे फार निसटते. खाट खिडकीपासून दूर, वाऱ्याच्या झोतात नको. अंघोळ शक्यतो नको. पुसले तर लगेच कोरडे करावे. ओले दुपटे ताबडतोब बदलावे. खोली २५ ते ३० अंशांवर ठेवावी, म्हणजे सुदृढ माणसाला उकडेल इतकी. गरम पाण्याच्या पिशव्या वापरू नयेत, नाजूक कातडी भाजते. मुलाला उघडे करून आईच्या उघड्या छातीवर पोटाशी पोट लावून ठेवावे आणि दोघांवर मिळून पांघरूण घालावे. अपुऱ्या दिवसांच्या नवजात बालकांसाठी ही शेवटची रीत १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरी एडगर रे या डॉक्टरांनी रुळवली. उबवण्याच्या पेट्या पुरेनात म्हणून. आता तिला कांगारूचे नाव आहे. आमच्याकडच्या सुईणींना कांगारू ठाऊक नव्हता, तरी पदराखाली मूल घेऊन त्या बसत असत, हे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रत्येक गोष्ट 'आमच्याकडे आधीच होती' असे म्हणण्याची आपली जी सवय आहे तिला आणखी खतपाणी नको.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे खाऊ घालणे, कारण इंधनावाचून शेकोटी नाही. सुरुवातीला द्यायच्या दुधाचे नाव एफ-७५. शंभर मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी. दूध, साखर, तेल, पाणी. साडेपाच किलोच्या मुलाला दर दोन तासांनी त्यातले जेमतेम ६० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या छोट्या पेल्यात मावेल इतके. दिवसातून बारा वेळा. यांतल्या पाच-सहा वेळा रात्रीच्या असतात, आणि त्याच चुकतात. आई दमून झोपलेली असते, परिचारिका एकटी असते, कुठे बाळंतीण अडलेली असते. रात्री अकरानंतर दूध न मिळालेले मूल पहाटे चारला थंड पडते. मुलाचा मृत्यू पहाटे होणे ही या कक्षांतली जुनी आणि परिचित गोष्ट आहे.

त्या रात्री हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर घडले. सिस्टरांनी मुलाला नाकातल्या नळीने आधी साखरेचे पाणी दिले, मग दूध. आईला आडोसा करून तिच्या छातीवर त्याला ठेवले. टोपी नव्हती, आमच्यापैकी एकीचा कानटोपीसारखा लोकरी मफलर कामास आला. मग दर अर्ध्या तासाने त्या येत आणि काखेत तापमापक लावत. पहिल्या तीन वेळा पारा हललाच नाही. चौथ्या वेळी तो काचेवरच्या पहिल्या रेघेला टेकला. त्या काहीच बोलल्या नाहीत. वहीत एवढे लिहिले: ९५. आम्ही आयुष्यात कुणाला ताप चढावा म्हणून अशी वाट पाहिलेली नव्हती.

कविता शिकवणाऱ्यांची एक खोड असते, रात्री जाग राहिली की शब्द चाळत बसायची. आम्हीही बसलो. 'मायेची ऊब' ही शब्दजोडी आम्ही दरवर्षी किती उत्तरपत्रिकांत वाचतो याची गणती नाही. आईवरची कविता असो, गावावरची असो, आजीच्या गोधडीवरची असो, उत्तराच्या शेवटच्या परिच्छेदात ती येतेच. वर्षानुवर्षांच्या वापराने ती इतकी गुळगुळीत झाली आहे की डोळा तिच्यावर थांबत नाही. इथे समोर ती अक्षरशः चालू होती: आईच्या देहातून मुलाच्या देहात अंश-अंशाने उतरत होती आणि तासागणिक मोजली जात होती. रूपक मुळात कुठून निघाले ते ठिकाण पाहायला मिळावे, असे काहीसे. आमच्यापैकी एकीचे म्हणणे पडले की आता हा शब्द पुन्हा शिकवता येईल. दुसरीला वाटले की नाही, आता तो शिकवणे अधिकच कठीण जाईल. हा मतभेद अजून मिटलेला नाही.

आजारांच्या नावांकडेही पाहण्यासारखे आहे. मराठीत या मुलांच्या दोन अवस्थांना सुकटी आणि सुजवटी म्हणतात. वैद्यकाची पुस्तके मॅरॅस्मस आणि क्वाशिओरकोर म्हणतात. पहिल्याचे मूळ ग्रीकमध्ये कोमेजणे या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे सुकटीच. दुसरा शब्द आफ्रिकेतल्या गा भाषेतला. आजच्या घाना देशात, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली तिथल्या आयांच्याच तोंडचा शब्द त्याला दिला. अर्थ असा की धाकटे भावंड आले म्हणजे थोरल्याला जडणारा आजार. आईच्या छातीवरून पायउतार झालेल्या मुलाचा आजार. हे वाचताना आम्हाला आयुर्वेदातला 'पारिगर्भिक' आठवला. पुन्हा गर्भवती झालेल्या आईच्या दुधावरच्या मुलाला होणारा हा रोग 'माधवनिदाना'त आहे: मूल कृश होते, पोट वाढते, त्याला तंद्री लागते, अग्नी मंद होतो. आणि उपाय सांगितला आहे अग्निदीपन, म्हणजे आतला विस्तव पेटवणे. त्या काळच्या अग्नीचा आणि आजच्या कॅलरींचा जमाखर्च एकमेकांशी जुळवण्याची गरज नाही. तो निराळा विचारव्यूह आहे. परंतु मूल छातीवरून उतरल्यावर विझू लागते, हे दोन दूरच्या ठिकाणी लोकांनी पाहिले आणि आजाराचे नाव आई-मुलाच्या नात्यावरून ठेवले, एवढे खरे.

आपण मात्र आता 'कुपोषण' म्हणतो. हा शब्द कार्यालयात घडलेला आहे. त्यात आई नाही, भावंड नाही, भूकही नाही. वाईट पोषण एवढेच आहे, जणू पोषण झाले, फक्त बरोबर झाले नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले दगावली, १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, २०१६ साली पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारकडून पुन्हा तशाच बातम्या आल्या. दर वेळी एक शाब्दिक वाद ठरलेला: हे 'भूकबळी' की नाहीत? सरकारी उत्तरही ठरलेले, की मृत्यू न्यूमोनियाने झाला, जुलाबांनी झाला, कमी दिवसांचे मूल होते. कागदावर ते खोटे नसते. थंडावलेले मूल शेवटी कुठल्या ना कुठल्या जंतूनेच जाते. पण ज्या देहाला ताप यायलाही बळ उरले नव्हते त्याच्या मृत्यूचे कारण जंतू असे लिहिले, की भूक हा शब्द लिहिण्याची पाळीच येत नाही. आम्ही भाषेचे अध्यापक या वादात शब्दांचे तज्ज्ञ म्हणून कधी उतरलो नाही. उतरायला हवे होते का, हा प्रश्न विद्यापीठीय चर्चासत्रांच्या विषयपत्रिकेत आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

या शासकीय शब्दावलीत एक शब्द मात्र आम्हाला भेदून गेला: 'बुडीत मजुरी'. मुलाजवळ रुग्णालयात राहिलेल्या पालकाचा रोज बुडतो, त्याबद्दल आदिवासी भागातल्या नवसंजीवनी योजनेखाली जी रक्कम देतात तिला हे नाव आहे. कुणा अनामिक कारकुनाने केलेला हा शब्द फार खरा आहे. मूल सावरायला आठवडे लागतात. घरी दुसरी दोन असतात, शेतात काम असते, नवरा बाहेरगावी मजुरीला. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल डोळे उघडून पाहू लागले, सूज ओसरली, की आई निघायच्या गोष्टी बोलू लागते, आणि नेमका तोच काळ जपण्याचा असतो. बुडालेल्या मजुरीचे पैसे वेळेवर हातात पडले तर ती थांबते. आईच्या छातीची ऊब हा उपचार असेल तर त्या आईचा रोज हाही औषधाचाच खर्च समजावा लागेल, असे आम्हाला वाटते.

सकाळी सिस्टरांनी आम्हाला चहा दिला आणि एक काम सांगितले. "तुम्ही मराठीच्या मॅडम आहात ना, मग भिंतीवर लावायला एक पाटी लिहून द्या. बाळ थंड पडू द्यायचं नाही, हे आयांना समजलं पाहिजे." आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. वीस वर्षे व्याकरण आणि शैली शिकवल्यानंतर चार ओळींचा हा मजकूर आम्हाला तासभर पुरला. 'शरीराचे तापमान राखा' हे कुणालाच कळले नसते. 'बाळाला गार पडू देऊ नका' हे सिस्टरांनीच बाजूला ठेवले. आजारी मूल घेऊन आलेल्या बाईसमोर 'गार पडणे' लिहायचे नाही, म्हणाल्या, ती उठून जाईल. 'मायेची ऊब द्या' हाही एक पर्याय कागदावर होता. त्यावर त्या हसल्या. "माया तर आहेच, मॅडम. माया नसती तर दहा कोस चालत आली असती का? टोपी लिहा."

शेवटी पाटीवर आले ते असे: बाळाच्या डोक्याला टोपी. बाळ आईच्या छातीशी, पांघरुणात. ओले फडके लगेच बदला. दर दोन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. झोपले असले तरी उठवून पाजा. विशेषण एकही नाही. खाली आमच्या विद्यार्थिनीने, आता ती उठून बसण्याइतकी बरी होती, टोपी घातलेल्या बाळाचे चित्र काढले. कारण इथे येणाऱ्या बहुतेक आयांची भाषा कोरकू, आणि वाचता येणाऱ्या थोड्या.

कक्षात झाडलोट करणाऱ्या मावशी कोरकू होत्या. सिस्टरांनी त्यांना पाटी वाचून दाखवली आणि खाटेवरच्या बाईला समजावून सांगायला सांगितले. मावशी बराच वेळ बोलत होत्या, पाटीवर होते त्याहून पुष्कळच जास्त. आम्हाला त्यातले अक्षर कळले नाही. कोरकू मुंडा कुळातली भाषा; मराठीशी तिचे नाते शेजाराचे, रक्ताचे नव्हे. त्या भाषेत खाली उतरणाऱ्या पाऱ्यासाठी शब्द आहे का, हे विचारायचे आमच्या मनात होते. पण तेवढ्यात दहाच्या दुधाची वेळ झाली, सिस्टरांनी वाटी-चमचा पुढे केला, आणि मावशी बोलता बोलताच त्या पोराच्या कानांवर मफलर नीट ओढू लागल्या.